पडला, पण पोचला नाही: केळीपट्ट्यातल्या एका गच्चीवरच्या नोंदी

२ एप्रिल

पुण्याहून काल रात्री निघालेला टेम्पो आज सकाळी अकराला जळगाव जिल्ह्यात फैजपूरला आमच्या कॉलेजच्या फाटकात लागला. दोन यंत्रं, दोन्ही उसनी, दोन्ही जुनी. एक सिलोमीटर, म्हणजे ढगाचा तळ मोजणारा छोटा लायडार: कमरेएवढा पांढरा डबा आणि वर तिरकी काच. दुसरं सूक्ष्म पर्जन्य रडार. ते दिसायला अगदी घरावरच्या छत्रीसारखं, फक्त तोंड थेट आभाळाकडे. आमचे शिपाई बापू म्हणाले, "सर, आता गच्चीवर फुकट चॅनल दिसतील का?"

दोघांचं काम एकच, हत्यार वेगळं. लायडार प्रकाशाचे बारीक ठोके वर सोडतो आणि परत आलेला उजेड किती वेळाने आला ते मोजतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, जाऊन-येऊन धरले तर १५० मीटर. म्हणजे २० मायक्रोसेकंदांनी उत्तर आलं तर ढगाचा तळ ३ किलोमीटरवर. तो धूळ बघतो, धूर बघतो, ढगाचा तळ बघतो. दाट ढगात शिरला की आंधळा होतो. रडारच्या लहरी सेंटिमीटरभर लांबीच्या. त्यांना धूळ दिसत नाही, थेंब दिसतात, आणि ते किती वेगाने खाली येतायत तेही. आमच्या रडारची ताकद ५० मिलिवॅट, खिशातल्या मोबाइलपेक्षा कमी. पण डोक्यावरच्या ६ किलोमीटरपर्यंतचा पाऊस २००-२०० मीटरच्या थरांत कापून दाखवतं.

पर्जन्यमापक आणि वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या आपल्याच, मागच्या वर्षीच्या. पर्जन्यमापकाच्या झुलत्या बादलीत (भरली की कलंडते आणि वाजते) पाणी ओतून पाहिलं, टकटक वाजली. इन्व्हर्टरची बॅटरी चार तास तग धरेल असं विकणारा म्हणाला होता. बघू.

५ एप्रिल

प्रणालीने (एमएस्सी दुसरं वर्ष, प्रकल्प तिचाही आहे) रास्त प्रश्न विचारला: देशभर एवढी मोठी डॉप्लर रडारं आहेत, मग आपली ही खेळणी कशाला?

फळ्यावर हिशेब केला, इथे उतरवतो. फैजपूरहून रडार असलेलं भोपाळ सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर, तसंच नागपूर सुमारे ३३०. रडारची शलाका सगळ्यात खालच्या कोनात म्हणजे अर्ध्या अंशावर सोडली, तरी पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन तिच्याखालून वाकत जाते. हवेमुळे शलाकाही थोडी खाली वाकते, ते धरून सूत्र लावलं. भोपाळची शलाका आपल्यापर्यंत येते तेव्हा ७ किलोमीटर उंच असते, नागपूरची ९ च्याही वर. शिवाय एक अंशाची शलाका २८० किलोमीटरवर जवळजवळ ५ किलोमीटर जाड झालेली असते. म्हणजे लांबून त्यांना आपल्या वादळाचं डोकं दिसतं. डोक्यात बर्फ असतो. पोटात काय चाललंय आणि पायाशी काय पडतंय ते दिसायला मार्गच नाही. मोजमापाला धरावं असं या रडारांचं अंतर २५० किलोमीटरपर्यंतच मानतात, आणि आपण दोघांच्याही कुंपणाबाहेर.

वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी. या चिंचोळ्या पट्ट्यात जळगाव जिल्ह्याची केळी उभी. एप्रिल ते जून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावाला बागा आडव्या झाल्याची बातमी येते, आणि बातमीत 'वादळी पावसाने' हे दोन शब्द ठरलेले. तो पाऊस किती होता, हे मात्र त्या बातमीत क्वचितच असतं. आमचा प्रकल्प एवढाच.

९ एप्रिल

गच्चीवर दुपारी ४१.८. लॅपटॉप दोनदा बंद पडला. पत्र्याच्या खोलीऐवजी जिन्याखाली हलवला, वायर लांबवली. सिलोमीटरच्या काचेवर एका दिवसात बोट फिरवलं तर रेघ उठेल एवढी धूळ. रोज सकाळी मऊ फडकं नि पाणी, ही ड्यूटी प्रकल्पातल्या भूषणची.

लायडारच्या आलेखात धुळीचा थर सकाळी आठला पाचशे मीटरवर असतो, दुपारी तीनला ३ किलोमीटर गाठतो. जमीन तापते, हवा उकळीसारखी वर जाते आणि सोबत शेतातली माती, पऱ्हाट्या जाळल्याचा धूर, सगळं घेऊन जाते. संध्याकाळी दिवा मालवावा तशी उकळी थांबते, पण वर गेलेली धूळ रात्रभर तिथेच तरंगते.

१७ एप्रिल

पहिलं वादळ!

दुपारी ४२.६, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होऊ लागतं तो) १४. या दोन आकड्यांतल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाचा तळ मीटरमध्ये अंदाजे मिळतो: ३,५७५. लायडारने संध्याकाळी ५:०२ ला ३,४१० दाखवला. वहीतला हिशेब आणि यंत्र इतके जवळ आले की बरं वाटलं.

५:१० पासून रडारवर पाऊस. ३ किलोमीटरवर ठळक, २ वर फिकट, १ किलोमीटरच्या खाली जवळजवळ काहीच नाही. आलेखावर लाल-पिवळी झालर वरून लोंबतेय आणि जमिनीला टेकतच नाही. गच्चीच्या कठड्याशी उभं राहून डोळ्यांनीही तेच दिसलं, सातपुड्यापुढे ढगाच्या पोटाखाली करडी दाढी सुटलेली, अर्ध्यात विरलेली. वारा आला, डोळ्यात माती गेली, चार-सहा थेंब पडल्यासारखे वाटले.

पर्जन्यमापक: ०.०.

रात्री उपग्रहाचा अंदाज उतरवला. जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांच्या अर्ध्या तासाच्या नकाशात आपल्या साधारण ११ किलोमीटरच्या चौकोनात मिळून ४ मिलिमीटर. म्हणजे उपग्रह म्हणतो पडला, रडार म्हणतं निघाला होता, बादली म्हणते आलाच नाही. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना लगेच मेल केला. विषयाच्या ओळीत उद्गारचिन्ह टाकलं, जे सहसा टाकत नाही.

२१ एप्रिल

आखाजीची सुट्टी संपवून आलो. घरी रस-पोळी आणि सांजोऱ्या इतक्या झाल्या की कालचा दिवस झोपेतच गेला. आज सकाळी सवयीने बादली तपासायला घेतली. फनेलचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर, एका टकटकीला ०.२ मिलिमीटर, म्हणजे ४ मिलिलिटर पाणी. शंभर मिलिलिटर ओतलं तर २५ वेळा वाजायला हवी.

एकदाही वाजली नाही. पाणी फनेलमध्येच तुंबलं.

झाकण काढलं. दोन कप्प्यांची ती छोटी झुलती बादली एका बाजूला कलून घट्ट बसलेली, आणि तिच्या खाली, अक्षाला चिकटून, मातीचा एक सुबक गडू. बोराएवढा, निमुळत्या गळ्याचा, तोंडाला वळवलेली कड. फनेलच्या नळीतही चिखलाची गोळी. बापू डोकावून म्हणाले, "कुंभारीण माशी आहे सर ती. कोरड्या जागी घर करते." गडू फोडला तर आत हिरव्या अळ्या भरलेल्या, पोरांसाठी केलेली बेगमी. एप्रिलच्या रखरखीत चिखल कुठून आणला असेल तर बहुतेक आमच्याच गळक्या टाकीखालून.

१७ तारखेचं शून्य मेलं.

२२ एप्रिल

मॅडमचा फोन. मी अर्धी गोष्ट सांगतोय तोच त्यांनी एकच विचारलं, "बादली शेवटची कधी वाजली होती?" २ एप्रिलला, मी पाणी ओतलं तेव्हा. "मग ३ ते २१ एप्रिल तुमच्याकडे पर्जन्यमापक नव्हता. शून्य नाही, नोंद नाही." रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं तर यात दुखणं हे आहे की दुष्काळी महिन्यांत बंद पडलेली बादली आणि चालू बादली तंतोतंत सारखी दिसते. पावसाळ्यात बिघाड दुसऱ्याच दिवशी उघडा पडतो. उन्हाळ्यात शून्यावर कोण संशय घेणार? आणि आमचा सगळा प्रकल्प त्या शून्यावरच उभा.

आता असं ठरवलं: दुसरी बादली शेजारी. तिसरा साधा, काचेच्या नळीचा हातमापक, ज्यात वाजणारं काही नाहीच. दोन्ही फनेलना बारीक जाळी. दर सोमवारी पाणी ओतून वाजवायची आणि वहीत सही करायची. आणि चौथा साक्षीदार म्हणून पिठाची परात. त्याबद्दल पुढे.

३० एप्रिल

वादळ नाही. वीज दोनदा गेली, बॅटरी दोन तास दहा मिनिटं चालली.

६ मे

पिठाची परात. युक्ती जुनी आहे. अमेरिकेत विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १९०४ साली लिहून ठेवलेली: पिठाच्या थरावर थेंब पडला की त्याची गोळी होते, गोळी वाळवून मोजली की थेंब केवढा होता ते कळतं. हिमकणांचे फोटो काढणारा म्हणून तो प्रसिद्ध, पण थेंबांसाठी त्याने वापरलं ते पीठच.

आमच्याकडे मैदा. ज्वारीचं पीठ करून पाहिलं, गोळ्या भुसभुशीत होतात. परात भूषणच्या आजीची, सोळा इंची. दोनदा चाळलेला मैदा बोटभर थर देऊन भरला. आता माप बसवायचं. इंजेक्शनच्या सुईतून थेंब-थेंब पाणी सोडलं, १०० थेंब एका वाटीत. ते तोलायला मात्र प्रयोगशाळेचा काटा दगा देतो, मग सावद्याच्या एका सराफाकडे गेलो. जळगाव जिल्ह्यात हा एक फायदा, मिलिग्रॅमचा काटा गल्लीत मिळतो. सराफशेठनी चष्मा कपाळावर सरकवला, वाटी ठेवली, म्हणाले, "पाणी तोलायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच." वजन १.४ ग्रॅम. म्हणजे एक थेंब १४ मिलिग्रॅम, व्यास ३ मिलिमीटर. त्याच सुईने पिठात थेंब टाकले, गोळ्या मंद आचेवर वाळवल्या आणि संध्याकाळी पुन्हा सराफाकडे. गोळी आणि थेंब यांच्या वजनाचं प्रमाण हातात आलं. तीन जाडीच्या सुया वापरून तक्ता केला. शेठनी पैसे घेतले नाहीत, फक्त काट्यावर मैदा सांडू नका म्हणाले. सांडला होता.

१४ मे

सोमवारी दोन्ही बादल्या वाजवल्या होत्या. आज सकाळी जाळ्या पुसल्या. हे मुद्दाम आधी लिहितोय.

दुपारी ४३.१, दवबिंदू १५. हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास. चारनंतर सातपुड्यावर ढग, पालच्या बाजूने. ४:५० ला लायडारवर तळ ३,३६०. ४:५६ ला रडारवर ३ किलोमीटरला झालर सुटली. भूषण परात घेऊन जिन्यात, प्रणाली लॅपटॉपशी, मी कठड्याशी.

५:०४: झालर २ किलोमीटरपर्यंत उतरली आणि पातळ व्हायला लागली.

५:०७: वारा. आधी एकदम पडला, कपडेही हलेनात, मग ईशान्येकडून भिंत यावी तसा. माती, पाला, कुणाच्या तरी गच्चीवरचं ताडपत्रीचं पान. आमच्या वाट्यांवर सर्वाधिक ११ मीटर प्रति सेकंद, ताशी ४० किलोमीटर. तापमान सात मिनिटांत ४१ वरून ३३.

५:०९: टपोरे थेंब, एकेक, ढेकळावर पडून ठसा उमटेल असे. भूषणने परात उघडी धरली, वीस सेकंद. पिठात ११ खड्डे.

५:१५: संपलं. मातीचा वास आला तो मात्र पुष्कळ.

बादली एक: ०.०. बादली दोन: ०.०. हातमापक: फनेल ओलं, नळीत काही नाही. दोन्ही बादल्यांत लगेच शंभर मिलिलिटर ओतलं. २५ आणि २५. आता हे शून्य आपलं.

रात्री नऊला प्रणालीच्या मामांचा फोन. सावद्याच्या पुढे आतल्या अंगाला त्यांची बाग, गच्चीपासून सहा किलोमीटर ईशान्येला. अर्धी आडवी झाली.

१५ मे

सकाळी सहालाच दोन मोटरसायकलींवर निघालो. मृगबाग (मागच्या जूनमध्ये लावलेली), घड कापणीला आलेले, पुढच्या आठवड्यात गाडी भरायची होती. पडलेली केळीची बाग पाहिली नाही त्याला कसं सांगायचं? झाड मोडत नाही, बसतं. खोड बुडाशी पिचतं, आतलं पाणी सुटतं, आणि वीस-पंचवीस किलोचा घड आपल्याच पानांखाली दबून उलटा पडतो. सगळीकडे चिकाचा ओला वास. कडेची शेवरी मात्र उभी, वाऱ्याची आड म्हणून लावलेली. वारा आडवा आलाच नव्हता बहुधा, वरून आला होता.

पाऊस पडल्याचं जमिनीवर काही चिन्ह नाही. ठिबकच्या नळीखाली ओल, बाकी भुरभुरीत. प्रणालीचे आजोबा, आबा, बांधावर बसले होते. मी विचारलं, आबा, पाणी किती झालं? "पानी कुठी पळलं भाऊ? चार थेंब. नुसतं वारं." मग थोड्या वेळाने: "तुमच्या मशीनमधी किती आलं?" शून्य, मी म्हटलं. "मंग आमचं नुकसान बी शून्यच लिहितीन का?"

उत्तर नव्हतं. विम्यात वाऱ्याचा वेग धरतात, पण तो धरतात महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरचा, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे केंद्राच्या गावात काल संध्याकाळी पानही हललं नव्हतं. पंचनाम्याचा कागद दुपारी आला, त्यावर नुकसानीचं कारण आधीच लिहिलेलं: वादळी पाऊस.

मोबाइलच्या होकायंत्राने मोजायला बसलो. दर पाचव्या ओळीत पडलेल्या खोडाचं डोकं कुणीकडे, एवढंच. तीन तासांत ६२ नोंदी, मामांची बाग आणि शेजारच्या दोन बागा धरून. उन्हाने प्रणालीचा फोन तापून बंद झाला, मग माझ्या फोनवर. मामींनी मध्येच भाकरी, भरीत आणि ताक पाठवलं. ज्यांची बाग पडली त्यांच्याकडे जेवायचं कसं, असं झालं होतं, पण नाही म्हणण्याची सोय नसते.

१६ मे

६२ बाण कागदावर काढले. पश्चिमेच्या बागेत झाडं पश्चिमेकडे पडलेली, दक्षिणेच्या तुकड्यात दक्षिणेकडे, नाल्यापलीकडच्या बागेत पूर्वेकडे. बाण मागे वाढवले तर बहुतेक सगळे नाल्याच्या वळणाजवळ एकत्र येतात. मूठभर धान्य वरून जमिनीवर टाकलं की जसं चहूकडे उधळतं, तसं.

अशाच बाणांवरून तेत्सुया फुजिता यांनी 'डाउनबर्स्ट' ओळखला. नागासाकी-हिरोशिमाला बॉम्बनंतर झाडं केंद्रापासून बाहेरच्या दिशेने पडलेली त्यांनी पाहिली होती. पुढे अमेरिकेत वादळाने झोपलेल्या शेतांच्या आकाशातून घेतलेल्या चित्रांत तोच चांदणीचा आकार दिसला. १९७५ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक विमान कोसळलं, त्याचं कारणही त्यांनी हेच मांडलं: ढगातून खाली आदळणारा आणि जमिनीवर चहूकडे फाकणारा थंड वारा. वावटळीत झाडं गोल फिरवल्यासारखी पडतात. आमचे बाण गोल फिरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जी मला आधी नीट कळली नव्हती. पाऊस नाही पण वारा, असं हे नाहीच. पाऊस पोचला नाही म्हणूनच वारा. थेंब कोरड्या हवेत विरताना हवेची उष्णता खातो, माठातलं पाणी गार होतं तसं. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी विरलं की ती हवा अडीच अंशांनी थंड होते. थंड हवा जड, ती खाली सुटते. ढगाचा तळ ३ किलोमीटरवर म्हणजे थेंबांना विरायला आणि हवेला धावायला ३ किलोमीटरची घसरगुंडी. सरासरी ४ अंशांचा फरक धरून कागदावर हिशेब केला तर तळाशी वेग ताशी १०० किलोमीटर येतो. प्रत्यक्षात आजूबाजूची हवा मिसळते, वेग बराच उतरतो. पण कापणीच्या घडाने वाकलेल्या केळीला शंभर लागतही नाहीत.

आणि याची खूण आमच्याच रडारमध्ये पडून होती. प्रणालीला १४ तारखेच्या आलेखात ५:०५ ला दीड किलोमीटरवर थेंब चक्क रेंगाळताना दिसले. तिने ती ओळ 'खराब' म्हणून बाजूला टाकली होती. खराब नव्हती. पावसाचा सगळ्यात मोठा थेंबही स्थिर हवेत सेकंदाला ९ मीटरच्या आसपासच पडतो, उंचीवर किंचित जास्त. आमच्या यंत्राची मोजपट्टी १२ पर्यंत. थेंब त्याहून जोरात आले की पट्टी संपते आणि आकडा दुसऱ्या टोकाने उगवतो, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा पुन्हा शून्यावरून सुरू व्हायचा तसा. उलगडून लिहिलं तर थेंब सेकंदाला १३-१४ मीटरने येत होते. थेंबाचे स्वतःचे ८-९ वजा केले तर हवाच ५ मीटरने खाली येत होती. आमच्या गच्चीवर. मामांच्या बागेवर किती, ते कुणीच मोजलेलं नाही, आणि ती सर वेगळी होती हेही लिहून ठेवतो, कारण मॅडम ते विचारणारच.

१९ मे

सराफाकडे तिसरी खेप. ११ गोळ्यांपैकी सगळ्यात लहान थेंब २.४ मिलिमीटर, मोठा ४.१. एकही बारीक नाही. बारीक थेंब हळू पडतात, वाटेत जास्त वेळ विरतात, जमिनीपर्यंत टपोरेच टिकतात. चार टपोरे थेंब बघून लोक म्हणतात जोराचा येणार. मोठा थेंब रडारलाही फार मोठा दिसतो: व्यास दुप्पट झाला की परतणारी लहर ६४ पट. म्हणून रडारच्या एका आकड्यावरून पाऊस काढताना अशा संध्याकाळी दाणकन फसायला होतं.

२२ मे

उपग्रहांचा हिशेब उरकून टाकतो. जीपीएमचा १४ तारखेचा आकडा ५ मिलिमीटर, जमिनीवर शून्य. यात उपग्रहाला दोष देण्यासारखं काही नाही. समुद्राऐवजी जमिनीवरचा पाऊस बघताना उपग्रहांची सूक्ष्मलहरी यंत्रं मुख्यतः ढगातल्या बर्फाचा माग काढतात आणि खाली किती पडत असेल ते ताडतात. इन्सॅट तर ढगाच्या माथ्याचं तापमान बघतो. त्या दिवशी माथा उणे ५५ च्या खाली. माथा खरा, बर्फ खरा, पाऊसही ३ किलोमीटरपर्यंत खरा. शेवटच्या तीन किलोमीटरचं कुणी विचारतच नाही.

भूषणला अवकाशातल्या लायडारचं वेड लागलंय. कॅलिप्सो २००६ ते २०२३ चालला, आता २०२४ च्या मे महिन्यात गेलेला अर्थकेअर आहे, त्यात लायडार आणि ढगांचं रडार दोन्ही. पण तो जातो दुपारी दोन-अडीचला आणि रात्री तेवढ्यालाच, तेही आपल्या पायाखालची एक बारीक रेघ बघत. आपली वादळं संध्याकाळी पाचची. धुळीच्या थराशी ताडून बघायला ठीक.

२६ मे

आठवडाभर लायडारच्या आलेखात दुपारी बाराच्या सुमारास पांढरी पट्टी वाढत होती. मी वायर तपासली, काच तपासली. प्रणालीची आठवीतली बहीण म्हणाली, आमच्या शाळेत सोमवारपासून शून्य सावलीचं चाललंय. कपाळावर हात मारला. फैजपूर २१ अंशांवर, कर्कवृत्ताच्या खाली. सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, आणि मी दुर्बीण सरळ डोक्यावर रोखून ठेवलेली! यंत्राचा पाय १२ अंश उत्तरेला कलवायची सोय असते, ते मी केलंच नव्हतं. परवा कलवला. आता प्रत्येक उंचीला ०.९८ ने गुणायचं.

आज १२ वाजून २४ मिनिटांनी गच्चीवर तांब्या ठेवला. सावली गायब. कालच रोहिणी लागल्या. बापूंनी तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

२३ जून

पाऊस आला, खरा. १९ पासून लागून आहे. ढगाचा तळ ७०० मीटर. रडारच्या आलेखात ५ किलोमीटरच्या जरा खाली बर्फ वितळण्याची ठळक रेघ, आणि तिथून सरळ जमिनीपर्यंत एकच रंग, कुठेही विरणं नाही. खालची हवाच ओली, थेंब विरणार कुठे? काल दिवसभरात बादल्या ३८.२ आणि ३८.६, हातमापक ३८.४, उपग्रह ३४. वारा झुळूकभर.

परात वीस सेकंद धरली तर मैद्याची कणीक झाली. दोन सेकंदच उघडायची असं ठरलं. तरी दीडशेच्या वर खड्डे, बहुतेक बाजरीएवढे. सराफशेठ म्हणाले एवढ्या गोळ्या तोलायच्या तर दुकान बंद करावं लागेल. चाळण्या आणल्या.

२५ जून

मामा घरी आले होते. ६२ बाणांचा नकाशा, तापमानाचा उतार आणि रडारची १४ मेची झालर, तिन्ही एका कागदावर छापून दिलं, खाली माझी आणि प्रणालीची सही. कुठे उपयोग होईल का, ठाऊक नाही असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले आबांना दाखवायचाय, शून्य म्हणजे काय ते.

रात्री मॅडमना पाठवायचा तक्ता पूर्ण केला. वादळाची तारीख, ढगाचा तळ, उपग्रहाचा पाऊस, जमिनीवरचा पाऊस. १४ मेच्या रकान्यात ०.०. १७ एप्रिलच्या रकान्यात ०.० होतं ते पुसलं आणि आडवी रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं, 'कुंभारीण'.